नोबेल बघून मॉफमध्ये पीएचडी करू का?

तुझं पत्र वाचलं. एमएस्सीचं शेवटचं वर्ष, २०२५ चं केमिस्ट्रीचं नोबेल मॉफसाठी (मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क, म्हणजे धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेले, आत भोकंच भोकं असलेले क्रिस्टल) किटागावा, रॉबसन आणि याघी यांना मिळालं तेव्हापासून डोक्यात तेच, आणि बाबा म्हणतायत फॅशनमागे धावू नकोस, पुढे नोकरी कोण देणार. फॅशन म्हणावी तर बरीच जुनी आहे गं, रॉबसनचं काम १९८९ चं आणि मॉफ-५ १९९९ चं. पण नोकरीबद्दल बाबा अगदीच चूक नाहीत, 'मॉफ एक्सपर्ट पाहिजे' अशा जाहिराती तुला फार दिसणार नाहीत.

तू लिहिलंयस की मेटल आणि लिंकर (मेटलना जोडणारा सेंद्रिय रेणू) जोडून हवी तशी पोकळी डिझाइन करायला आवडेल. आवडेलच, पण लॅबमध्ये ते कमी आणि धुणीभांडी जास्त असतात. मॉफ-५ च घे. झिंक नायट्रेट आणि टेरेफ्थॅलिक ॲसिड डीएमएफ या सॉल्व्हंटमध्ये विरघळवून १०० डिग्रीच्या आसपास ओव्हनमध्ये ठेवलं, दुसऱ्या दिवशी छान चौकोनी क्रिस्टल आले, सगळे खूश, आणि खरं काम तिथून पुढे, कारण भोकाभोकात सॉल्व्हंट अडकलेलं असतं, ते दिवसातून दोनतीनदा बदलत राहायचं, मग व्हॅक्युमखाली तापवून काढायचं. याला ॲक्टिव्हेशन म्हणतात. घाई केलीस किंवा हवेतली ओल लागली की सांगाडा ढासळतो आणि पेपरमध्ये ग्रॅमला ३००० चौरस मीटरच्या वर दिसणारा सरफेस एरिया तुझ्याकडे ८०० येतो. मग पुन्हा पहिल्यापासून. (मी झिओलाइटवर, म्हणजे अशाच भोकाभोकांच्या खनिजांवर, काही वर्षं घालवलीत, तेव्हा हा वैताग ओळखीचा आहे.)

म्हणून आधी कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये एचकेयूएसटी-१ हे मॉफ करून बघ, कॉपर आणि ट्रायमेसिक ॲसिडचं. पावडर आकाशी-निळी येते, ॲक्टिव्हेट केली की गडद जांभळट होते, आणि बाटलीचं झाकण जरा उघडं राहिलं की पाणी ओढून परत फिकी पडते. ते बघून 'चला, परत करू' वाटलं तर पीएचडीचा विचार कर, नुसती चिडचिड झाली तर कॉम्प्युटेशनल बाजू बघ, तिथेही मॉफचं भरपूर काम चालतं. डीएमएफ मात्र फ्यूमहूडमध्येच हाताळायचं, लिव्हरला वाईट असतं.

गाइडला भेटशील तेव्हा किती पेपर आले ते विचारत बसू नकोस. गॅस ॲड्सॉर्प्शनचं मशीन (भोकांमध्ये किती गॅस धरला जातो ते मोजणारं) लॅबचं स्वतःचं आहे की नंबर लावावा लागतो हे विचार, यावर तुझी दोन वर्षं इकडची तिकडे होऊ शकतात. आणि विषय काय ते विचार. हजारो मॉफ बनवून झालीत, अजून एक बनवून त्याला नंबर द्यायचा याला माझ्या मते फार अर्थ उरलेला नाही. कॅल्फ-२० बघ, झिंकचं साधं मॉफ, सरफेस एरिया काही मिरवण्यासारखा नाही, तरी सिमेंट कारखान्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडायला तेच पुढे आलं, कारण ओलसर गॅसमध्ये टिकतं.

बाबांना सांग की पावडर एक्सआरडी (एक्स-रेने क्रिस्टलची रचना बघणं), टीजीए (तापवताना वजन किती घटतं ते मोजणं) आणि ७७ केल्विनवरचं नायट्रोजन ॲड्सॉर्प्शन हे नीट शिकलीस तर कॅटॅलिस्ट, बॅटरी, फार्मा सगळीकडे चालतं, मॉफचं पुढे काहीही होवो. प्रोजेक्ट झाला की बीईटीचा आकडा, म्हणजे सरफेस एरिया, कळव, कमी आला तरी.