'जाला' आणि 'वेन्ट'

प्रश्न : माझा मुलगा मराठी माध्यमात आठवीत आहे. 'गो–वेन्ट–गॉन, कॅच–कॉट–कॉट' असा तक्ता रोज घडाघडा म्हणतो. निबंधात मात्र 'कॅच्ड' लिहितो, आणि 'आय डिड नॉट वेन्ट' तर दर पानावर असतं. सगळ्याच क्रियापदांना 'ईडी' का लावत नाहीत? पाठांतराशिवाय काही मार्ग आहे का? आणखी एक, 'लर्न्ट' लिहिलं म्हणून शिकवणीत त्याचा गुण कापला. ते चूक आहे का?
— एक आई, सांगोला

उत्तर : ताई, आधी 'कॅच्ड'विषयी. या चुकीवर मुलाला रागावू नका. माझी नात दोन वर्षांची असताना 'बाबा गेला' असं बरोबर म्हणायची. तिसरं लागलं आणि एक दिवस दारात उभी राहून म्हणाली, 'बाबा जाला.' मग 'मी करलं' सुरू झालं. सून काळजीत पडली, मला मात्र आनंद झाला. बसला, उठला, हसला, तसा जाला. पोरीला नियम सापडला होता! तुमच्या मुलालाही 'ईडी'चा नियम सापडला आहे, तो फक्त जास्त ठिकाणी लावतोय. अठराव्या शतकातले इंग्रज लेखकसुद्धा 'कॅच्ड' लिहीत.

आता सगळ्यांना 'ईडी' का नाही? आपल्याकडे पाहा. करणे–केलं, येणे–आला, मरणे–मेला, होणे–झाला. रोज शंभरदा तोंडात येणारी क्रियापदंच वाकडी आहेत. इंग्रजीतही तसंच आहे. फार पूर्वी तिथे शब्दाच्या पोटातला स्वर बदलून भूतकाळ करायची रीत होती. सिंग–सँग, ड्राइव्ह–ड्रोव्ह हे त्यातूनच उरलेले. 'हेल्प'चा भूतकाळसुद्धा एके काळी 'होल्प' होता. 2007 साली हार्वर्डच्या संशोधकांनी जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं घेऊन त्यांचा माग काढला. त्यांतली आज 98 अनियमित उरली आहेत. जी कमी वापरात होती ती लवकर 'ईडी'कडे वळली. जी सतत जिभेवर होती, ती प्रत्येक पिढीनं जशीच्या तशी ऐकली आणि पुढे दिली. 'गो' आणि 'वेन्ट' तर मुळात दोन वेगळ्या क्रियापदांचे तुकडे आहेत. 'वेन्ट' हा 'वेन्ड' म्हणजे वाट धरणे याचा भूतकाळ होता, तो 'गो'ला येऊन चिकटला. आपल्या 'जाणे'चंही तेच झालं आहे. 'जा' आला संस्कृत 'या' धातूवरून आणि 'गेला' आला 'गम्'–'गत'वरून. हे मुलाला सांगा. 'गो–वेन्ट' तो पुन्हा विसरणार नाही.

'डिड नॉट वेन्ट' ही चूक निराळी आहे, आणि माझ्या मते तिच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. एकतीस वर्षं तालुक्याच्या शाळेत इंग्रजी शिकवताना मी ती हजारो वह्यांत पाहिली. मी स्वतः शाळेत असताना तिच्यासाठी हातावर छड्या खाल्ल्या आहेत, पण ती का होते हे मला कुणी समजावलं नाही. कारण आपल्या मराठीत आहे. आपण 'मी गेलो' म्हणतो आणि नकारातही 'मी गेलो नाही' म्हणतो, प्रश्नातही 'तू गेलास का?' म्हणतो. भूतकाळ क्रियापदावरच राहतो. इंग्रजीत 'डिड' आला की भूतकाळ त्याच्या अंगावर जातो आणि 'गो' मोकळा होतो. मी वर्गात एका मुलाच्या खांद्यावर दप्तर द्यायची. तो 'वेन्ट'. मग दुसरा मुलगा 'डिड' होऊन यायचा, दप्तर स्वतः घ्यायचा, की पहिला पुन्हा 'गो'. एका दप्तराला दोन खांदे कशाला? घरी करून बघा.

तिसऱ्या रूपाचीही अडचण अशीच. 'गेलो', 'गेलो आहे', 'गेलो होतो' या तिन्ही ठिकाणी आपलं एकच 'गेलो' चालतं. म्हणून मुलं 'आय हॅव वेन्ट' लिहितात. 'आहे' किंवा 'होतो' जोडीला आला की 'गॉन', एकटं असेल तर 'वेन्ट', एवढी खूण पुष्कळ दिवस पुरते.

पाठांतर टळत नाही, पण एबीसीडीच्या क्रमानं लावलेला तक्ता बाजूला ठेवा. आवाजाप्रमाणे गट करा. सिंग, रिंग, ड्रिंक, स्विम एकत्र. कीप, स्लीप, वीप एकत्र : केप्ट, स्लेप्ट, वेप्ट. ब्लो, ग्रो, नो, थ्रो एकत्र. कट, पुट, शट, हिट, हर्ट हे बदलतच नाहीत. त्यांच्या शेवटी 'ट' आहे हे त्याचं त्याला शोधू द्या. एका आठवड्याला एकच गट. आणि रात्री जेवणानंतर दिवसभरात काय केलं याची पाच वाक्यं, त्यांतली दोन नकाराची : 'आय एट भाकरी. आय डिड नॉट ईट दोडका.' वही तुम्ही तपासू नका, त्याला मोठ्यानं वाचायला सांगा. कानाला खटकायला लागलं की हात आपोआप सुधारतो.

'लर्न्ट' बरोबर आहे. ब्रिटनमध्ये 'लर्न्ट' आणि 'लर्न्ड' दोन्ही लिहितात, अमेरिकेत मुख्यतः 'लर्न्ड'. 'बर्न्ट', 'ड्रेम्ट' यांचंही तसंच. एका निबंधात मात्र एकच रूप धरायला सांगा. शब्दकोश घेऊन शिकवणीच्या बाईंना शांतपणे दाखवा आणि कापलेला गुण मागून घ्या. तो गुण तुमच्या मुलाचा आहे.