टेक्सासमध्ये मास्टर नॅचरलिस्ट व्हायला बायॉलॉजीची डिग्री लागते का? नेमकं काम काय असतं?

डिग्री अजिबात लागत नाही, मास्टर नॅचरलिस्ट म्हणजे निसर्गाचं ट्रेनिंग घेऊन त्यासाठी बिनपगारी काम करणारे व्हॉलंटिअर. तुम्ही लिहिलंय की ह्यूस्टनजवळ नवीनच राहायला आलाय, शिक्षण कॉमर्सचं, पक्षी-झाडं बघायला आवडतात पण नावं येत नाहीत, आणि वेळ म्हणाल तर फक्त शनिवार-रविवार. एवढं पुरतं. मी फोर्ट बेंड काउंटीत राहते आणि हेच व्हॉलंटिअरिंग करते, आमच्या बॅचला अकाउंटंट होते, रिटायर्ड नर्स होत्या, ऑइलमधले इंजिनिअर तर भरपूर, बायॉलॉजीवाले मोजकेच.

कागदावरचं आधी सांगून टाकते. टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ आणि टेक्सास ए अँड एमचं अ‍ॅग्रीलाइफ एक्स्टेन्शन हे दोघं मिळून हा प्रोग्रॅम चालवतात, आणि राज्यभर त्याचे चॅप्टर, म्हणजे स्थानिक शाखा आहेत. फोर्ट बेंड आणि वॉलर काउंटीसाठी कोस्टल प्रेअरी चॅप्टर, ह्यूस्टन शहराकडे गल्फ कोस्ट, समुद्राकडे गॅल्व्हेस्टन बे एरिया. किमान ४० तासांचं ट्रेनिंग, मग ४० तास प्रत्यक्ष काम आणि ८ तास पुढचं शिक्षण, हे झालं की सर्टिफिकेट आणि चतुराची (ड्रॅगनफ्लायची) पिन मिळते. पुढे दरवर्षी परत ४० आणि ८. बॅकग्राउंड चेक होतो कारण मुलांबरोबर काम असतं. फी चॅप्टरप्रमाणे बदलते. आणि पगारी काम यात धरत नाहीत, तास चॅप्टरने मान्य केलेल्या कामाचेच लागतात.

आता खरं काम. बऱ्याच जणांना वाटतं नॅचरलिस्ट म्हणजे दुर्बीण घेऊन हिंडणं. हिंडणं आहेच, पण आमच्या भागात सगळ्यात जास्त हात लागतात ते गवताला. टेक्सास-लुइझियानाच्या किनाऱ्यामागे पूर्वी मैलोन् मैल प्रेअरी, म्हणजे गवताळ माळरान होतं, त्यातली आज एक टक्क्याहून कमी उरली आहे, बाकी सगळी शेती, रस्ते आणि आपण राहतो त्या सबडिव्हिजन. या गवतांची मुळं खूप खोल जातात, पावसाचं पाणी जमिनीत मुरवतात, आणि २०१७ मध्ये हार्वी चक्रीवादळाच्या वेळी पाणी काय करतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही. म्हणून शरद ऋतूत आम्ही उरलेल्या तुकड्यांवरून बी गोळा करतो, रोपं करतो, आणि शाळेच्या किंवा पार्कच्या कोपऱ्यात छोटी पॉकेट प्रेअरी लावतो. चायनीज टॅलो या बाहेरून आलेल्या उपद्रवी झाडाची रोपं उपटायची, ती परत येतात, परत उपटायची. कंटाळवाणं वाटेल पण मला हेच काम सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण एका जागेवर तीच माणसं वर्षानुवर्षं आली तरच ती जागा टिकते, एकदा येऊन फोटो काढून गेलेल्यांचा तिला काही उपयोग नसतो.

आपल्यासारख्यांना यात एक वेगळीच मजा आहे. सह्याद्रीत जिने जंगलाच्या कडा खाऊन टाकल्यात ती घाणेरी, म्हणजे लँटाना, मूळची या अमेरिका खंडातली. इथे टेक्सासची स्वतःची देशी लँटाना आहे, फुलपाखरांसाठी ती मुद्दाम लावतात (नर्सरीत मात्र बाहेरचीही विकतात, फरक शिकून घ्या). गाजरगवत पण याच बाजूचं. उलट आपल्याकडचा बकाणा निंब इथे उपद्रवी झाड म्हणून काढून टाकतात. सासूबाई सहा महिने इथे होत्या तेव्हा त्यांना ट्रेलवर घेऊन जायचे, त्यांनी बकाणा लांबून ओळखला आणि हा का तोडताय म्हणून ग्रुपमधल्या सगळ्यांना मराठीतच विचारलं, मग मी दोन्हीकडचं भाषांतर करत तासभर तिथेच. कुठलंच झाड मुळात वाईट नसतं, ते कुठे उगवलंय आणि तिथे त्याला खाणारं कोणी आहे का यावर सगळं ठरतं, हे त्या दिवशी आमच्या ग्रुपला क्लासपेक्षा चांगलं कळलं असं मला मनापासून वाटतं.

समुद्राची ओढ असेल तर वसंतापासून गॅल्व्हेस्टनकडे कासवांसाठी किनाऱ्यावर फेऱ्या असतात. तिथलं केम्प्स रिडली म्हणजे वेळासला येणाऱ्या ऑलिव्ह रिडलीचं सख्खं भावंड, एकाच कुळातलं, फक्त ऑलिव्ह रात्री अंडी घालायला येतं आणि हे बहुतेक वेळा भर दिवसा. म्हणूनच माणसं लागतात, कारण किनाऱ्यावर त्याच वेळी गाड्या आणि गर्दी असते. कासव दिसलं तर हात लावायचा नाही, हॉटलाइनला फोन करायचा, लोकांना लांब ठेवायचं आणि टीम येईपर्यंत तिथून हलायचं नाही.

मुलांना शिकवायचं काम मात्र नक्की करून बघा, बोलायला भीती वाटत असली तरी. ब्राझोस बेंड स्टेट पार्कला मगरींच्या जातीतले अ‍ॅलिगेटर तळ्याकाठी ऊन खात पडलेले असतात, शाळेच्या सहली येतात, तुम्ही फक्त टेबलावर कवटी आणि सापाची कात ठेवून बसलात तरी प्रश्न थांबत नाहीत. सगळी उत्तरं यायला हवीत असं नाही, "चल बघूया" म्हणून मुलाबरोबर वाकून बघितलं की झालं. आणि आपली देसी मुलं तुम्हाला तिथे बघून जरा जास्तच धीटपणे पुढे येतात, हे मी नेहमी बघते. आपली माणसं या कामात अजून फारच कमी आहेत, त्यामुळे तुम्ही आलात तर मला खरंच आनंद होईल.

बॅच रोज सुरू होत नाहीत, काही चॅप्टर वसंतात घेतात, काही शरदात, जागा भरतात, तेव्हा आत्ताच चॅप्टरच्या साइटवर इंटरेस्ट फॉर्म भरून ठेवा. तोवर एखाद्या प्रेअरीच्या वर्कडेला जाऊन या, बऱ्याच वर्कडे सगळ्यांसाठी खुल्या असतात. फुल पँट, बंद बूट, मोजे पँटच्या वरून ओढलेले (फायर अँट्स, म्हणजे चावऱ्या लाल मुंग्या!), आणि पाणी तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट घ्या.