वेगासाठी गिटारचा फ्रेटबोर्ड स्कॅलप करून घ्यावा का?

तुमच्याकडे एकच इलेक्ट्रिक गिटार आहे आणि हात वेगाने चालावा म्हणून तिचा फ्रेटबोर्ड, म्हणजे तारांखालची लाकडी पट्टी, स्कॅलप करून घ्यावा का, असं तुम्ही विचारलं आहे. फक्त वेग हवा असेल तर करू नका. बेंड (तार आडवी ओढून स्वर चढवणं) आणि व्हायब्रेटो (स्वर हलवत ठेवणं) यांत जीव अडकला असेल तर स्कॅलप्ड गिटार जरूर वाजवा, पण त्यासाठी असलेल्या एकुलत्या गिटारचं लाकूड कोरू नका.

स्कॅलप करणं म्हणजे दोन फ्रेट्सच्या (फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) मधलं लाकूड वाटीसारखं खोलगट कोरणं. तारेची फ्रेटपासूनची उंची, म्हणजे अॅक्शन, त्यामुळे बदलत नाही. बदलतं ते एवढंच की तार दाबल्यावर बोटाचं टोक लाकडाला टेकत नाही. साध्या गिटारवर बेंड करताना आपण तार ओढतो आणि त्याच वेळी बोटाची कातडी लाकडावर घासत नेतो. स्कॅलप्ड गिटारवर हे घर्षण जातं. बोट तारेच्या थोडं खाली शिरतं, त्यामुळे पकड मिळते आणि तार निसटत नाही. मी स्कॅलप्ड आणि साधी अशा दोन्ही गिटार वाजवतो. संथ सोलोमध्ये लांब स्वर धरून त्याला हवा तसा झोल द्यायचा असेल, तर माझा हात आपोआप स्कॅलप्डकडे जातो. तिच्यावर व्हायब्रेटोची रुंदी आणि गती दोन्ही अगदी बारकाईने ठरवता येतात. हे सुख साध्या गिटारवर मला तितकं मिळत नाही.

वेगाचा समज बहुधा स्वीडिश गिटारवादक यंगवी माल्मस्टीन यांच्यामुळे पसरला असावा. त्यांच्या गिटारचा सगळा फ्रेटबोर्ड खोल कोरलेला असतो आणि त्यांचा वेग थक्क करणारा आहे. पण तो वेग दोन्ही हातांच्या मेळातून येतो, खाचांमधून नाही. हात जड असेल तर स्कॅलप्ड गिटारवर उलट अडखळायला होतं.

कारण लाकूड फक्त घर्षण करत नाही, तुमचा दाब अडवतही असतं. साध्या गिटारवर कितीही जोर लावला तरी बोट लाकडावर जाऊन थांबतं. इथे ते खाली जातच राहतं, तार ताणली जाते आणि स्वर चढतो. एकेका स्वरात हे सांभाळता येतं, खरा त्रास कॉर्डमध्ये, म्हणजे अनेक स्वर एकत्र वाजवताना होतो. कॉर्ड धरताना प्रत्येक बोटाचा जोर वेगळा असतो, त्यामुळे प्रत्येक तार वेगवेगळी चढते आणि नीट ट्यून केलेली गिटारही बेसूर वाटते. ट्यूनिंग करून हे सुधारत नाही. हलका हात हाच उपाय. त्यासाठी ट्यूनर लावा आणि एक स्वर अगदी अलगद दाबा. तार खरखरत असेल तर दाब थोडा वाढवा. ती स्वच्छ वाजू लागली की तिथेच थांबा. तेवढाच दाब पुरतो. ही सवय साध्या गिटारवरही लावता येते, आणि वेग खरा वाढतो तो असल्या हलक्या हाताने.

व्हिएतनाममध्ये मात्र याच गोष्टीचा मुद्दाम उपयोग करतात. तिथल्या काय लुओंग या संगीतनाट्यात खोल कोरलेल्या फ्रेटबोर्डची गिटार वाजते, आणि तार खाचेत खाली दाबून स्वर वर नेला जातो. इलेक्ट्रिकवर हे करून पाहाच. तार आडवी न ओढता फक्त दाब कमी-जास्त केला तर स्वर मूळ जागेवरून वर हलतो आणि परत येतो. सतारीच्या उंच पडद्यांवरची मींड ज्यांनी ऐकली आहे त्यांना बोट अधांतरी असण्याचं मोल वेगळं सांगायला नको. ब्रिटिश गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांनी सत्तरच्या दशकात भारतीय वादकांसोबतच्या ‘शक्ती’ या बँडसाठी गिब्सन कंपनीकडून अकूस्टिक गिटार बनवून घेतली, तिचा फ्रेटबोर्ड स्कॅलप्ड होता आणि मुख्य तारांखाली आडव्या तरफेच्या (आपोआप झंकारणाऱ्या) तारा होत्या. ते गमकाचे स्वर ऐकले की ही गिटार का लागली ते लगेच कळतं.

सगळा फ्रेटबोर्ड कोरलाच पाहिजे असं नाही. डीप पर्पल बँडचे गिटारवादक रिची ब्लॅकमोर यांच्या स्ट्रॅटवरच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारवरच्या) खाचा एकसारख्या नाहीत, क्रमाने बदलत जातात. अमेरिकन गिटारवादक स्टीव्ह वाय यांच्या आयबनेझ जेम या गिटारवर फक्त २१ ते २४ हे शेवटचे फ्रेट्स स्कॅलप्ड असतात. मला हा शेवटचा मार्ग फार पटतो. कॉर्ड बहुतेक खालच्या फ्रेट्सवर धरतो, तिथे लाकूड शाबूत राहतं. बेंडची खरी कसरत असते ती वर, आणि तिथे बोटाला मोकळीक मिळते.

गिटार कोरून घेण्याआधी उंच फ्रेट्स बसवून पाहा. जुन्या धाटणीचे बारीक फ्रेट्स साधारण १ मिमी उंच असतात, मोठे जंबो सुमारे १.४ मिमी. एवढ्यानेही बोट लाकडापासून बरंच सुटतं, आणि नाही आवडलं तर फ्रेट्स पुन्हा बदलता येतात. कोरलेलं लाकूड परत येत नाही. शिवाय खुणांचे ठिपके पातळ असतात, खोल खाचेत ते कापले जाऊ शकतात. मेपलच्या फ्रेटबोर्डवरचं लॅकर निघतं, ते पुन्हा चढवावं लागतं. लाकूड कमी झाल्याने नेकचा (गिटारच्या दांड्याचा) ताठपणाही कमी होतो, म्हणून ट्रस रॉड, म्हणजे नेकमधली वाक सावरणारी सळई, नव्याने जुळवावी लागते. तुमची नेक स्क्रूने जोडलेली असेल तर सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे वेगळी स्कॅलप्ड नेक घेणं. जुनी जपून ठेवा.

तारांबद्दल माझं मत बहुतेकांपेक्षा वेगळं आहे. स्कॅलप्डवर बेंड सोपं जातं म्हणून अनेक जण ८ किंवा ९ गेजच्या पातळ तारा लावतात (गेज म्हणजे सर्वांत पातळ तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत). मी १० लावतो. ताण जास्त असल्याने चुकून जास्त दाब पडला तरी तार तितकी खाली जात नाही, आणि घर्षण नसल्यामुळे १० गेजही आरामात ओढता येतं.

घेण्याआधी कुणाची तरी स्कॅलप्ड गिटार हातात मिळाली, तर तिच्यावर सोलो नंतर वाजवा. आधी पहिल्या तीन फ्रेट्सवर ओपन कॉर्ड (काही तारा मोकळ्या ठेवून) धरा, मग बॅरे कॉर्ड (एका बोटाने अनेक तारा आडव्या दाबून), आणि दोन्ही स्वच्छ आवाजात, डिस्टॉर्शन न लावता ऐका. त्या सुरात लागल्या तर तुमचा हात तयार आहे.