मॉइश्चर साडेतीन, तरी ब्लोहोल कुठनं?

प्रश्न : कोल्हापूरजवळ शिरोलीत आमची छोटी ग्रीन सँडची (ओल्या, क्ले मिसळलेल्या वाळूच्या साच्यांची) फाउंड्री आहे, सीआयच्या (कास्ट आयर्नच्या) पंप बॉडी काढतो. कार्बाइडच्या मीटरवर (कार्बाइड पावडर सँडमधल्या पाण्याशी मिळून जो गॅस करते, त्यावरून ओल मोजणारा) सँडचं मॉइश्चर रोज ३.५ टक्क्यांच्या आसपास येतंय, तरी दुपारच्या हीटला (ओतकामाच्या फेरीला) ब्लोहोल, म्हणजे कास्टिंगमधली वायूची पोकळ भोकं, वाढतात. पाणी कमी केलं की मोल्डच्या कडा ढासळतात. डिजिटल मीटर घ्यावा का?

उत्तर : मीटर बदलायची घाई करू नका, आधी सँपल बघा. दुपारपर्यंत रिटर्न सँड (वापरून परत आलेली वाळू) गरम झालेली असते, ५० डिग्रीच्या वर गेली की पाणी बेंटोनाईटला (वाळू बांधणाऱ्या क्लेला) नीट लागायच्या आधीच वाफ होऊन जातं, मिक्सरवाल्याला सँड कोरडी वाटते आणि तो अंदाजाने आणखी पाणी सोडतो. ते सँपल उघड्या घमेल्यात लॅबपर्यंत जाईस्तोवर आणखी सुकतं, म्हणजे मीटर ३.५ म्हणतो पण मोल्डमध्ये त्याहून जास्त असतं, वर ती वाफ थंड कोअरवर (कास्टिंगची आतली पोकळी घडवणाऱ्या ठोकळ्यावर) जमते ते वेगळंच. सँपल मोल्डिंगच्या जागेवरून घ्या, झाकणाच्या डब्यात घ्या आणि लगेच टेस्ट करा.

दुसरं म्हणजे कार्बाइड. डबा उघडा राहिला की पावडर हवेतली ओल खाते, मग टेस्टला गॅस कमी बनतो आणि रीडिंग कमी येतं, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर हे हमखास. सँडचे गोळे फुटले नाहीत तरी तेच, म्हणून स्टीलचे बॉल टाकून नीट हलवा आणि काटा स्थिर झाल्यावरच वाचा. मीटर उघडताना भट्टीपासून लांब जा, आतला गॅस ॲसिटिलीन असतो!

आठवड्यातून एकदा ओव्हनशी ताळा करा : ५० ग्रॅम सँड १०५ ते ११० डिग्रीला वजन घटायचं थांबेपर्यंत सुकवायची, पावणेदोन ग्रॅम घटलं तर ३.५ टक्के. डिजिटल हॅलोजनवाला (दिव्याच्या उष्णतेने सँड सुकवून वजनातली घट मोजणारा) घेतलात तरी टेंपरेचर जास्त ठेवू नका, सँडमध्ये मिसळलेल्या कोल डस्टमधला (कोळशाच्या भुकटीतला) वायू उडतो आणि तोही पाणी म्हणून मोजला जातो.

आणि खरं सांगू का, नुसत्या मॉइश्चरवर सँड चालवणं मला पटत नाही. सँडमध्ये मेलेली (जळून चिकटपणा गेलेली) क्ले आणि फाइन्स (बारीक धूळ) वाढले की त्याच ३.५ला ती कोरडी वागते, तुमच्या कडा ढासळतात त्यात हेही असू शकतं. कॉम्पॅक्टेबिलिटी (ठोकल्यावर सँड किती टक्के दबते ते) दर तासाला काढा, ४० टक्क्यांच्या आसपास तुमच्या मोल्डिंगला जमणारा आकडा धरा आणि पाणी त्यावर सोडा. पंप बॉडी म्हणताय तर कोअरचे व्हेंटही (वायू बाहेर जायची भोकं) बघून घ्या, ते बुजले असले तर सँडला उगाच दोष.