बंब लांब का थांबतो? वाचकांचे प्रश्न, फायरवाल्याची उत्तरं

केमिकल आणि गॅसच्या अपघातात फायर ब्रिगेड नेमकं काय करते यावर प्रश्न पाठवा म्हटलं होतं, ढीगभर आले. बरेचसे एकाच धाटणीचे होते, म्हणून निवडक घेतलेत. उत्तरं आमच्या निवृत्त फायर ऑफिसर मित्राची, त्यांच्याच भाषेत.

सर, आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याला राहतो. मध्ये हायवेला गॅसचा टँकर आडवा झाला, बंब पटकन आला पण लांबच थांबला. जवान दुर्बिणीतून बघत उभे, आणि आम्ही इकडे जीव मुठीत धरून. हे असं का करतात?

राग कळतो तुमचा, पण दुर्बिणीतून बघणं हेच त्यावेळचं पहिलं काम असतं हो. टँकरवर काय लिहिलंय, गळती कुठून आहे, वरून की खालून, वारा कुठे चाललाय, हे समजल्याशिवाय गाडी पुढे घातली तर सगळ्यात आधी आमचीच गाडी पेट घेणार. एलपीजी हवेपेक्षा दीडपट-दुप्पट जड, त्यामुळे ती वर उडून जात नाही, रस्त्यालगत पसरते, उताराला लागते, गटारीत आणि नाल्यात शिरते आणि तिकडे लांब कुणाच्या तरी चहाच्या टपरीवर पेटते. द्रवरूपातला एक लिटर गॅस बाहेर पडला की त्याचे साधारण अडीचशे लिटर होतात. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला तरी ठिणगी पुरते, आणि ठिणगी म्हणजे चालू इंजिन, मोबाईलवाला, सिगरेटवाला, काहीही. म्हणून गाडी वारा जिकडून येतोय त्या बाजूला आणि चढावर लावायची, तोंड परत जायच्या दिशेला.

मग जागेचे तीन पट्टे पडतात, हॉट म्हणजे थेट धोक्याचा, वॉर्म म्हणजे मधला आणि कोल्ड म्हणजे सुरक्षित. हॉटमध्ये फक्त बीए सेट लावलेले, तेही जोडीनेच, एकटं कुणी नाही. आणि आत दोन गेले की बाहेर तसेच तयार दोन उभे, कारण आतल्यांना काही झालं तर त्यांना आणायला कोण जाणार? बीए सेट म्हणजे पाठीवरचा हवेचा सिलिंडर, त्यातली हवा कष्टाच्या कामात अर्ध्या तासाच्या आसपास पुरते, शेवटी शिट्टी वाजते. पण शिट्टीची वाट बघायची नसते, परत यायला लागणारी हवा आधीच धरून चालायची. बाहेर एकजण वेळ लिहीत बसलेला असतो, लोकांना तो रिकामा वाटतो.

आता लोकांना सगळ्यात न पटणारी गोष्ट. गळती पेटलीय आणि व्हॉल्व्ह बंद करता येत नाहीये, तर आम्ही ज्वाळा विझवत नाही. जळू देतो. विझवली तर गॅस यायचा थांबत नाही, फक्त दिसेनासा होतो, आणि परत पेटला की मोठा पेटतो. पाणी मारायचं ते टाकीवर, आणि मुख्यतः वरच्या भागावर. खाली द्रव असतो तो उष्णता शोषून घेतो, वर नुसती वाफ, तिथला पत्रा तापून मऊ पडतो आणि टाकी फाटते. याला ब्लीव्ही म्हणतात. सेफ्टी व्हॉल्व्हचा आवाज चढत चाललाय किंवा टाकीचा रंग बदलतोय असं दिसलं की सगळ्यांनी मागे यायचं, तिथे शौर्य नाही. टँकर आगीत सापडला तर चारी बाजूंनी 1600 मीटर मोकळं करा असं ईआरजी नावाचं उत्तर अमेरिकेतलं मार्गदर्शक पुस्तक सांगतं. आपल्या नाशिकातला मुंबई नाका ते द्वारका चौक, साधारण तेवढं. आता सांगा, पोलिसांनी तुम्हाला घर सोडा म्हटलं तर ते उगाच का? (तिथेच व्हिडिओ काढत उभी असलेली मंडळी मला अजूनही कळत नाहीत.)

टँकरच्या मागे चौकोनात आकडे-अक्षरं असतात, ती कशाची? — एक विद्यार्थी, सातपूर

छान प्रश्न, बऱ्याच मोठ्यांनाही माहीत नसतं. चार अंकी नंबर म्हणजे यूएन नंबर, माल कोणता ते जगभर एकच. पेट्रोल 1203, एलपीजी 1075, अमोनिया 1005, क्लोरीन 1017. पानेवाडीच्या डेपोतून निघणाऱ्या पेट्रोलच्या गाड्यांवर 1203 दिसेल बघ. त्याच्यासोबतचा कोड आमच्यासाठी असतो. पेट्रोलचा 3 वाय ई. यातला 3 म्हणजे फोम वापरा, नुसतं पाणी नको, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगून आग पुढे नेतं. वाय म्हणजे बीए सेट लावा आणि माल गटारीत जाऊ देऊ नका. शेवटचा ई म्हणजे आजूबाजूचे लोक हलवायचा विचार करा. शिवाय ड्रायव्हरकडे ट्रेम कार्ड असायला हवं, त्यात त्या मालाची सगळी माहिती असते. ड्रायव्हर पळून गेला तरी पाटी पळत नाही!

दिंडोरीकडे आमचं द्राक्षाचं कोल्ड स्टोरेज आहे, अमोनियावर चालतं. लीक झालं तर आम्हीच पाणी मारायचं का?

नको. आधी माणसं बाहेर काढा, पण वाऱ्याच्या आडव्या दिशेने, वाऱ्यासोबत पळू नका. अमोनिया तसा हवेपेक्षा हलका, पण थंड गळतीत पांढरं धुकं होऊन जमिनीलगत राहतो, तेव्हा तो वरच जाईल या भरवशावर राहू नका. वाफेवर पाण्याचा बारीक फवारा मारला तर तो पाण्यात मस्त विरघळतो, हे खरं, पण साचलेल्या द्रव अमोनियावर पाणी टाकलं तर उकळून वाफ आणखी वाढते. म्हणून कुठे मारायचं हे माहीत असलेल्यालाच पाइप धरू द्या.

आणि आमचा नेहमीचा फायरचा कोट यात पुरेसा नाही. अमोनियाला ओलावा लागतो, तो घाम आलेल्या जागा गाठतो, बगल, मान, जांघ, आणि तिथे भाजतो. म्हणून आत जाणाऱ्याला पूर्ण बंद गॅस टाइट सूट. एप्रिलच्या दुपारी त्यात किती गरम होतं ते घालणाऱ्यालाच ठाऊक, म्हणून माणसं लवकर लवकर बदलावी लागतात. बाहेर आल्यावर सूट अंगावर असतानाच धुतला जातो, मगच काढायचा, नाहीतर आतलं सगळं घरी नेलं म्हणून समजा. मेन व्हॉल्व्ह कुठे आहे त्याचा नकाशा गेटवर लावा, प्लांटच्या आत लावून काय उपयोग? आणि ऑपरेटरचा नंबर वॉचमनकडे द्या.

क्लोरीनबद्दलही दोघांनी विचारलंय, एवढंच सांगतो, गळक्या सिलिंडरवर पाणी मारू नका, ओलाव्यात धातू गंजून भोक वाढतं. जमलं तर प्रशिक्षित माणूस सिलिंडर असा फिरवतो की भोक वर येईल, म्हणजे द्रवाऐवजी वायू बाहेर पडतो.

निफाडला एका कृषी केंद्राला आग लागली, औषधांचा साठा होता. जवानांनी पाणी जपून मारलं, दुकान जवळपास जळून गेलं. हलगर्जीपणा नाही का?

दरवेळी नाही. कीटकनाशकांवर मारलेलं पाणी विष घेऊन वाहतं, नाल्यातून विहिरीत, तिथून जनावरांच्या हौदात. आत कुणी अडकलेलं नसेल आणि शेजारची घरं वाचवता येत असतील, तर कधीकधी थोडं जळू देणं परवडतं, पाण्याला मातीचा बांध घालून ते अडवायचं. धूर मात्र विषारी असतो, म्हणून वारा जिकडे जातोय त्या बाजूचं गाव रिकामं करावं लागतं. दुकानदाराचं नुकसान मोठंच, त्यावर वाद नाही. पण विहीर बिघडली तर ती वर्षभर रडवते.

101 ला फोन केला तर काय सांगायचं?

ठिकाण आणि जवळची खूण, गाडी आहे की कारखाना, पाटीवरचा नंबर लांबून वाचता आला तर तो, वास, रंग, आवाज, कुणी पडलंय का, वारा कुठे जातोय. फोन लगेच ठेवू नका. घरच्या सिलिंडरचा वास येत असेल तर 1906 पण आहे, आणि आधी रेग्युलेटर बंद करा, बाहेर पडा, फोन बाहेरून करा, लाइटचं बटण ना चालू ना बंद.