"तू घरीच असतेस ना!"

"मॅडम, माझाच स्वभाव खराब आहे. कुणाशीच पटत नाही." घरून काम करणारी आणि पुण्यात रूममेट्सबरोबर राहणारी मुलंमुली हे वाक्य घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला वरचेवर येतात. त्यांतल्या एकीची ही गोष्ट, ओळख पुसून सांगते. लातूरकडची मुलगी, अमेरिकन क्लायंटचं काम, वेळ दुपारी दोन ते रात्री अकरा. आधी कर्वेनगरला कॉट बेसिसवर, म्हणजे फक्त एका खाटेपुरतं भाडं देऊन, मग वाकडला थ्री बीएचकेमध्ये, मग बाणेरला को-लिव्हिंगमध्ये, म्हणजे कंपनीने चालवलेल्या सामायिक घरात. तिन्हीकडून भांडून निघाली.

मी स्वभावाकडे शेवटी वळते, आधी घड्याळाकडे.

"घर बघायला कधी गेली होतीस?"

"रविवारी सकाळी. सुट्टी असते ना."

"आणि वाद कधी व्हायचे?"

"रात्री नऊनंतर. त्यांचा टीव्ही, माझे कॉल." मग स्वतःच हसली.

पण दुपारी घर रिकामं असायचं, तरी कुरबुर होतीच. ती कशावरून, हे कळायला बराच वेळ गेला. शेवटी यादी बाहेर आली : धुण्याभांड्यांच्या बाईंना दार उघडायचं, सिलिंडर घ्यायचा, तिघींची पार्सलं घ्यायची. "एकदा नाही म्हटलं, तर म्हणाल्या, तू घरीच असतेस ना!"

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. दार उघडलं. आणि आठवडाभर बोलले नाही."

खरी गाठ इथे होती. तिच्या नऊ तासांना घरात कुणी नोकरी समजत नव्हतं, आणि तिनेही ते कधी सांगितलं नव्हतं. आजवरच्या अनुभवावरून ठामपणे म्हणते, अशा घरांत बिघडतं ते बहुतेक वेळा न सांगितलेल्या अपेक्षांमुळे. स्वभाव उगीच बदनाम होतो. आम्ही एकच वाक्य घोटलं : "दोन ते अकरा मी कामावर असते, दार वाजवू नका." चौथ्या घरी तिने ते टोकन, म्हणजे आगाऊ रक्कम, देण्याआधीच सांगितलं. बाईंची वेळ सकाळची ठरली, सिलिंडरला पाळी लागली.

घर निवडताना हे बघा. आपल्या शिफ्टच्या वेळेत, कामाच्या दिवशी जा. खोलीचं दार लावून वीस मिनिटं खरा व्हिडिओ कॉल करा. इंटरनेटचा स्पीड हॉलमध्ये नव्हे, टेबल जिथे ठेवणार तिथे तपासा, तोही रात्री नऊनंतर, आणि डाउनलोडपेक्षा अपलोड बघा. दहा एमबीपीएस टिकून मिळालं तर पुरतं. राउटर दोन भिंतींपलीकडे असेल तर फाइव्ह गिगाहर्ट्झचा वाय-फाय सिग्नल मार खातो. "इन्व्हर्टर आहे" एवढ्यावर विसंबू नका. तो अनेकदा फक्त दिवे-पंखे चालवतो, राउटरचा प्लग त्यावर नसतो. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस राउटरला दोन-तीन तास सहज ओढतो. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बहुधा गुरुवारी बंद असतं, तेव्हा टाकी किती पुरते तेही विचारा.

विजेचं बिल आधीच बोलून घ्या. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक ते दीड युनिट खातो. दिवसभर घरी तुम्हीच असाल तर समान वाटणीवर कधी ना कधी ठिणगी पडते. खोलीला सबमीटर, म्हणजे वेगळं छोटं वीजमीटर, असेल तर उत्तम, नाहीतर एसीच्या तासांचा हिशेब ठेवा. फ्लॅट असेल तर अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारात, म्हणजे भाडेकरारात, आपलं नाव हवंच. ते नसेल तर तुम्ही रूममेटच्या मर्जीवर राहता. लॉक-इन (किती महिने घर सोडता येत नाही) आणि नोटीस किती, हे सही करण्याआधी वाचा.

एक गट मात्र मी सरळ वेगळा काढते. ज्यांच्या कॉलवर रुग्णांची किंवा पैशांची गोपनीय माहिती असते, त्यांनी डबल शेअरिंगची खोली घेऊच नये. सिंगल रूम परवडत नसेल तर स्वस्त कॉट घ्या आणि उरलेल्या पैशांत जवळच्या को-वर्किंगमध्ये, म्हणजे भाड्याच्या सामायिक ऑफिसात, डेस्क बघा. तिथे बंद फोन बूथ आहे ना, एवढी खात्री करून घ्या.