पाण्याच्या दिवशी काय शिजवायचं?

"मॅडम, मला स्वयंपाक येत नाही असं नाही. संध्याकाळी सात वाजता तो सुचतच नाही."

जुळे सोलापुरातून माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या एका ताईंचं हे पहिलं वाक्य. चाळिशी अजून लागलेली नाही. एका खासगी कार्यालयात हिशेबाचं काम, सुटायला साडेसहा. मालक, म्हणजे त्यांचे यजमान, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, पाळी दर आठवड्याला बदलणारी. मुलगी नववीत, मुलगा चौथीत. सासूबाई, म्हणजे त्यांच्या आत्याबाई, 68 वर्षांच्या, त्यांना मधुमेह. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

"पोरं आठवड्यातनं तीनदा बाहेरचं खातात. आत्याबाई काही बोलत नाहीत, पण त्यांच्या तोंडाकडं बघवत नाही. मी चुकतीय का, सांगा की."

हा प्रश्न नोकरी करणाऱ्या बायका मला वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. घरात सकस, साधं, पटकन होणारं काय करायचं, इथून बोलणं सुरू होतं आणि दहाव्या मिनिटाला डोळ्यांत पाणी येतं. जेवणाबद्दल इतकं अपराधी वाटणारा पुरुष अजून तरी माझ्यासमोर येऊन बसलेला नाही.

पहिल्या भेटीत माझं चुकलं. त्यांची तगमग बघून मी तिथेच सोमवार ते शनिवार काय करायचं त्याचा तक्ता लिहून दिला. पुढच्या भेटीत त्या म्हणाल्या, "फ्रिजवर लावलाय. चार दिवस जमलं. आता तो बघितला की आणखीनच वाईट वाटतं." मी त्यांच्या डोक्यावर आणखी एक ओझं ठेवलं होतं. तक्ता काढून टाकायला सांगितला आणि त्याऐवजी एक वही मागितली. आठवडाभर रात्री काय खाल्लं, किती वाजता, कोणी केलं आणि त्या दिवशी घरात काय चाललं होतं, एवढंच लिहायचं. चूक-बरोबर काही लिहायचं नाही.

वही आली तेव्हा आम्ही दोघी बराच वेळ बघत राहिलो. बाहेरून मागवलेलं जेवण तीन वेळा होतं हे खरं. त्यातले दोन दिवस नळाला पाणी येण्याचे होते. सोलापुरात राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. काही दिवसांआड पाणी येतं, त्या संध्याकाळी पिंप, हंडे, बादल्या, वरची टाकी यापुढे दुसरं काही होत नाही. मोटर बंद करेपर्यंत नऊ वाजतात. तिसरा दिवस मालकांच्या दुसऱ्या पाळीचा, म्हणजे घरात मदतीला कोणी नसलेला. उरलेल्या चारही दिवशी त्यांनी घरीच केलं होतं.

"म्हणजे मी रोज नाही चुकत," त्या हळूच म्हणाल्या.

आणखी एक गोष्ट वहीत होती, जी त्यांच्या लक्षात आली नव्हती. मुलगी शिकवणीहून सहाला आली की चहा आणि खारी. मुलगाही तेच. त्यामुळे आठ वाजता दोघांना भूक नसे, आणि साडेनऊला दोन मिनिटांच्या शेवयांचं पाकीट फुटे. वयात आलेल्या मुलीला लोहाची गरज जास्त असते, आणि जेवणाबरोबर किंवा लगेच पुढेमागे घेतलेला चहा अन्नातलं लोह नीट अंगी लागू देत नाही. त्याच ताटात लिंबू पिळलं तर उलट फायदा होतो. म्हणून पहिला बदल स्वयंपाकात केलाच नाही. सहा वाजता डब्यात भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, गुळाचा खडा आणि एक पेरू किंवा केळं दिसेल असं ठेवायचं. आठवड्याभरात रात्रीचं पाकीट आपोआप मागे पडलं.

खरी गाठ मात्र दुसरीकडे होती: आत्याबाईंना रात्री ताजं लागतं, गरम लागतं, हे ताईंनी धरून ठेवलं होतं. मी आत्याबाईंनाच एकदा सोबत आणायला सांगितलं. त्या आल्या, पदर नीट करून बसल्या. मी विचारलं, "आजी, तुम्ही लहान असताना रात्री काय जेवायचात?"

त्या लगेच म्हणाल्या, "काय असायचं! वडील गिरणीत, आई विड्या वळायची. भाकरी सकाळी एकदाच व्हायची. रात्री कडक भाकरी, शेंगा चटणी, कांदा. सकाळची आमटी असली तर त्यात चुरायची. ताजं सणाला."

सून त्यांच्याकडे बघतच राहिली. पंधरा वर्षांत हे तिने कधी ऐकलं नव्हतं.

या शहरात पहिली कापडगिरणी 1877 साली सुरू झाली. भोंग्यावर चालणाऱ्या घरांत संध्याकाळी चूल पेटवायला वेळ कुणाला होता? कडक भाकरी ही त्या घाईवरची तोड आहे असं मला मनापासून वाटतं. पातळ थापायची, भाजून पूर्ण वाळवायची. पाण्याचा अंश राहत नाही म्हणून ती दिवसेंदिवस टिकते. शेंगदाण्यात 100 ग्रॅमला सुमारे 25 ग्रॅम प्रथिनं असतात, आणि भाकरीतल्या ज्वारीला त्यांची चांगली जोड मिळते. आपण बाहेर ज्याला झटपट, पौष्टिक जेवण म्हणून शोधत फिरतो, ते आपल्याकडे बचत गटाच्या बायका पाकिटात घालून विकतात.

मग पाण्याच्या दिवसाचं ठरलं: त्या दिवशी गॅस पेटवायचाच नाही. कडक भाकरी, शेंगा चटणी, वाटीभर दही, काकडी-टोमॅटो आणि सकाळीच वाफवून फ्रिजमध्ये ठेवलेली मटकी, वरून लिंबू. आत्याबाईंना दाढा नाहीत, त्यांना भाकरी ताकात चुरून. चटणीत मीठ मात्र बेताचं, कारण दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पोटात जावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि चटणी, लोणचं, पापड एकाच ताटात आले की तो हिशेब सहज चुकतो.

दुसऱ्या पाळीच्या आठवड्यासाठी कुकर. ज्वारीच्या कण्या सकाळी निघतानाच भिजवून फ्रिजमध्ये ठेवायच्या. रात्री मुगाची डाळ, घरात असेल ती भाजी, लसूण-जिऱ्याची फोडणी, चार-पाच शिट्ट्या. तोवर हातपाय धुऊन होतात. बाकी दिवस त्यांचे त्यांनीच सुचवले. दाण्याचं कूट तयार असलं की आमटी पंधरा मिनिटांत होते, पिठलं दहा. धपाट्याचं पीठ सकाळी मळून ठेवलं की रात्री फक्त थापायचं. मटकी रविवारी सकाळी भिजवायची, संध्याकाळी फडक्यात बांधायची, सोमवारी मोड आलेले असतात. आमच्या एप्रिलच्या उन्हात मोड लवकर येतात आणि लवकर आंबतातही, तेव्हा दिसले की फ्रिजमध्ये.

उरलेल्या भाताबद्दल त्यांनी विचारलं, ते इथे सांगायलाच हवं. उन्हाळ्यात सकाळचा भात ओट्यावर राहतो आणि संध्याकाळी फोडणी देऊन खाल्ला जातो. भात बाहेर राहिला तर त्यात एक विष तयार होऊ शकतं, आणि पुन्हा गरम करून ते जात नाही. शिजल्यावर लवकर निववून तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर लागेल तेवढाच शिजवा.

आत्याबाईंच्या साखरेबाबत मी सल्ला दिला नाही. तो माझा प्रांत नाही. ज्वारी चांगली म्हणून तीन भाकरी खाल्ल्या तर साखर वाढणारच, एवढं बोलून त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे आणि आहारतज्ज्ञांकडे पाठवलं.

तिसऱ्या भेटीला मालक आले. मनाने चांगला माणूस. "मॅडम, मला कुणी सांगितलंच नाही," म्हणाले. ताई पटकन म्हणाल्या, "सांगायला कशाला लागतं?" दोघंही खरं बोलत होते. स्वयंपाकात हातांना लागतो त्याहून जास्त वेळ मनाला लागतो: डाळ संपत आली, दही विरजायचं राहिलं, उद्या पाणी येणार. हा विचार एकट्या ताई दिवसभर, कार्यालयात आकडे जुळवतानाही वाहत होत्या, आणि सातला घरात पाऊल टाकेपर्यंत त्या तिथेच थकून गेलेल्या असायच्या. म्हणून आम्ही कामं वाटली नाहीत, दिवस वाटले. पहिल्या पाळीच्या आठवड्यात मंगळवार आणि शुक्रवार मालकांचा. काय करायचं, घरात काय आहे, काय आणायचं, सगळं त्यांचं. ताईंनी त्या दिवशी विचारायचं नाही आणि सुचवायचंही नाही. हे दुसरं जास्त अवघड गेलं.

मुलीने मटकी घेतली, कारण मोड बघायला तिला आवडायला लागलं. आत्याबाईंनी शेंगा भाजून चटणी कुटण्याचं काम मागून घेतलं, आणि ज्वारी मात्र मंगळवेढ्याचीच मालदांडी पाहिजे असं निक्षून सांगितलं. त्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना फक्त चव माहीत होती.

सगळं जुळलं असं नाही. आत्याबाईंना अजूनही काही रात्री गरम भाकरी हवी वाटते. तेव्हा ताई त्यांच्यापुरती एक थापतात, राग न धरता. महिन्यातून दोनदा बाहेरचंही येतं, आणि ते आता वहीत गुन्ह्यासारखं लिहिलं जात नाही.

शेवटच्या भेटीत त्यांनी एका शुक्रवारचं सांगितलं. मालकांनी पिठलं केलं, त्यात गुठळ्या झाल्या. त्या दिवाणावर बसल्या होत्या. उठून पळी हातात घ्यावी असं दोनदा वाटलं, पण उठल्या नाहीत. मुलाने गुठळी फोडून आतलं कोरडं पीठ सगळ्यांना दाखवलं, आणि दुसरी भाकरी मागितली.